टेबलातली ओळ खरं बोलते का?

मागच्या अंकात एक्सेलची यादी आणि डेटाबेस यातल्या फरकावर लिहिताना मी जाता जाता टाकून दिलं होतं की रिलेशनल डेटाबेस (माहिती टेबलांत, म्हणजे तक्त्यांत ठेवणारा) म्हणजे मुळात अकरावीचं गणित आहे, बाकी सगळं वरचं प्लास्टर. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आलीत की संपादकांनी फोन करून "ताई, आता तुम्हीच निस्तरा" म्हटलं. तर निस्तरतेय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, ज्यांची राहिली त्यांनी रागावू नका.

प्रश्न : ताई, मी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या सरांनी सांगितलं की टेबलांची एकमेकांशी रिलेशन्स असतात, फॉरेन की (एका टेबलात लिहिलेला दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा नंबर) वगैरे, म्हणून रिलेशनल डेटाबेस. तुम्ही गणित म्हणताय. मग परीक्षेत नेमकं काय लिहू? (विद्यार्थी, नांदेड)

परीक्षेत सर सांगतात तेच लिही रे बाबा, मार्क त्यांच्या हातात आहेत. पण डोक्यात मात्र वेगळं ठेव.

नववीत संच शिकलास, अकरावीत सेट्स अँड रिलेशन्सचा धडा झाला, आणि बहुतेकांनी तो परीक्षेपुरता करून सोडून दिला, मीही त्यातलीच. आता बघ, एका वाचनालयात 3 सभासद आहेत आणि 4 पुस्तकं. कुठल्याही सभासदाची कुठल्याही पुस्तकाशी जोडी लावली तर एकूण 12 जोड्या होतात, हा कार्टेशियन गुणाकार. या 12 शक्य जोड्यांपैकी आज खरोखर कुणी कुठलं पुस्तक घरी नेलंय अशा समजा 2 च जोड्या आहेत. तर त्या 2 जोड्यांचा जो उपसंच, त्याला गणितात रिलेशन म्हणतात. बस. म्हणजे टेबल हेच रिलेशन. डेटाबेसमध्ये एकच टेबल असेल, कुणाशी काही नातं नाही, फॉरेन की नाही, तरी तो रिलेशनल असू शकतो.

यातली खरी गंमत पुढे आहे आणि ती मला नोकरीला लागून पाच वर्षं झाल्यावर कळली. टेबलाचं डोकं, म्हणजे वरची कॉलमची नावं, हे एक रिकाम्या जागा असलेलं वाक्य असतं: "सभासद नंबर अमुक याने पुस्तक नंबर तमुक अमक्या तारखेला नेलं." प्रत्येक ओळ त्या रिकाम्या जागा भरते आणि एक विधान तयार होतं, आणि ते टेबलात आहे याचा अर्थ आपण ते खरं मानतोय. जी ओळ टेबलात नाही ते विधान खोटं, असं धरून चालायचं. एकदा हे डोक्यात बसलं की खालच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तुझी तूच देऊ शकशील.

हे सुचलं ते एडगर कॉड या माणसाला. इंग्लंडचा, दुसऱ्या महायुद्धात विमान चालवलेला, ऑक्सफर्डला गणित शिकलेला, आणि नंतर कॅलिफोर्नियात आयबीएमच्या सॅन होजेच्या लॅबमध्ये असलेला. 1970 च्या जूनमध्ये त्याचा 11 पानांचा पेपर छापून आला, आणि आज तुझ्या बँकेपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत जे चालतं त्यातलं बरंचसं त्या 11 पानांवर उभं आहे.

प्रश्न : मी निवृत्त तलाठी आहे. आमची दप्तरं कॉम्प्युटरवर गेली ती आम्ही डोळ्यांनी पाहिली. कॉड यांच्या आधी कॉम्प्युटरवर नोंदी नव्हत्या का? त्यांनी नवीन काय केलं? (सातारा जिल्हा)

काका, तुमच्याइतकं हे कुणाला पटकन कळणार नाही, कारण तुम्ही हाच त्रास हाताने काढलाय.

सातबारा गट नंबरप्रमाणे असतो. अमुक गटात कोणकोण खातेदार हे लगेच सापडतं. पण एखादा शेतकरी आला आणि म्हणाला "भाऊसाहेब, गावात माझी एकूण जमीन किती?" तर सगळे सातबारे चाळायला लागतील, म्हणून 8अ वेगळा ठेवावा लागतो, खातेदाराप्रमाणे. माहिती तीच, दप्तरं दोन. आणि फेरफार मंजूर झाला की दोन्हीकडे दुरुस्ती, एकीकडची राहिली की भांडण ठरलेलं.

1960 च्या दशकातले डेटाबेस असेच होते. आयबीएमचा आयएमएस घ्या, अपोलोच्या रॉकेटच्या सुट्या भागांची यादी ठेवायला बनवलेला. त्यात माहिती झाडासारखी: वर एक, त्याच्या खाली त्याची पोरं, त्यांच्या खाली त्यांची. झाड ज्या बाजूने लावलंय त्या बाजूने विचारलं तर उत्तर झटक्यात, उलट बाजूने विचारलं तर प्रोग्रामरने आठवडाभर बसायचं. कॉडने पेपरात सुटे भाग आणि प्रोजेक्ट यांचंच उदाहरण घेऊन दाखवलं की तीच माहिती पाच वेगवेगळ्या प्रकारे मांडता येते, आणि एका मांडणीसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीवर चालेलच असं नाही. त्याचं म्हणणं असं की माहिती विचारणाऱ्याला ती आत कशी रचलीय हे माहीत असायची गरजच पडू नये.

मग त्याने काय केलं, तर सगळी झाडं तोडून सपाट तक्ते केले आणि त्या तक्त्यांवरच्या क्रिया ठरवून दिल्या. हव्या त्या ओळी निवडा, हवे ते रकाने ठेवा, दोन तक्ते जोडा, एकातून दुसरा वजा करा. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक क्रियेचं उत्तर परत तक्ताच. पूर्णांकात पूर्णांक मिळवला की पूर्णांकच येतो ना, तसंच. त्यामुळे उत्तरावर परत क्रिया करता येते, त्यावर परत. तुमचा 8अ मग वेगळं दप्तर म्हणून ठेवायचंच कारण नाही, तो मागाल तेव्हा मूळ नोंदींमधून काढायचा.

आणि अशा क्रिया आल्या म्हणजे तक्त्यांचं बीजगणितच आलं, आणि बीजगणित आलं की त्याचे नियमही आले. समजा 2,000 खातेदार आणि 5,000 गट. आधी सगळ्यांशी सगळे जोडले तर 1 कोटी जोड्या होतील आणि मग त्यातला तुमचा शेतकरी शोधायचा. त्याऐवजी आधी तो एक खातेदार निवडला आणि मग जोडलं तर 5,000 च बघायच्या. उत्तर दोन्हीकडे तेच येतं हे गणिताने सिद्ध होतं, म्हणून मशीन स्वतःच क्रम बदलून घेतं, तुम्हाला विचारतही नाही. हे जे आतल्या आत होतं ना, ते जमलं नसतं तर कॉडचा पेपर नुसता शोभेचा राहिला असता. तसा तो काही वर्षं राहिलाही, कारण आयबीएमचा धंदा आयएमएसवर मस्त चालला होता आणि स्वतःच्याच दुकानावर दगड कोण मारणार. आयबीएममध्येच सिस्टम आर नावाचा प्रयोग झाला, एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारायची भाषा, तिथेच जन्मली, पण 1979 मध्ये ती भाषा विकायला आधी आणली ऑरॅकलवाल्यांनी.

प्रश्न : तीच क्वेरी काल चालवली तर यादी एका क्रमाने, आज दुसऱ्याच. डेटा बदललेला नाही. सिस्टम बिघडलीय का? (पिंपरी)

नाही. संचाला क्रम नसतो. तुम्ही ऑर्डर बाय (यादी कशाच्या क्रमाने हवी ते सांगणारे शब्द) लिहिलं नाही म्हणजे क्रमाची तुम्हाला पर्वा नाही असं तुम्हीच सांगितलंत, मग मशीनला जे सोपं पडलं ते त्याने दिलं. ऑर्डर बाय लिहा, विषय संपला.

(संचात तीच गोष्ट दोनदा पण नसते, पण एसक्यूएल मात्र डुप्लिकेट ओळी खुशाल ठेवते, काढायला वेळ लागतो म्हणून, आणि मग आपण डिस्टिंक्ट ("डुप्लिकेट काढ") लिहीत बसतो. कॉडला हे शेवटपर्यंत खटकत राहिलं. एकच खरी गोष्ट दोनदा सांगितली म्हणून ती जास्त खरी होत नाही.)

प्रश्न : मी आमच्या सोसायटीचा खजिनदार. 48 फ्लॅट आहेत. मुलाने हौसेने छोटा डेटाबेस करून दिलाय. या तिमाहीत 31 पावत्या झाल्या. ज्यांनी मेंटेनन्स भरला नाही त्यांची यादी काढायला "ज्यांचा फ्लॅट नंबर पावत्यांमध्ये नॉट इन" अशी क्वेरी दिली तर उत्तर शून्य! मी मीटिंगमध्ये सगळ्यांचं अभिनंदन करून बसलो आणि मागून सगळे हसायला लागले. मुलगा म्हणतो क्वेरी बरोबर आहे. (ठाणे)

अहो काका, तुमचं पत्र वाचून मीही हसले, माफ करा. पण हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे, यात भलेभले आपटलेत, मी स्वतः एकदा रात्री दोन वाजता आपटलेय.

मी तुम्हाला उलट लिहून विचारलं होतं की एखाद्या पावतीवर फ्लॅट नंबर रिकामा आहे का, आणि तुमचं उत्तर आलं की हो, एकाने यूपीआयने पैसे पाठवले, नाव भलतंच दिसतंय, कुणाचे ते कळेना म्हणून नंबर तसाच सोडला. झालं, चोर सापडला.

त्या रिकाम्या जागेला डेटाबेसात नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नाही, आणि रिकामी चिठ्ठीही नाही, नल म्हणजे "माहीत नाही". आणि इथे आपलं नेहमीचं तर्कशास्त्र, खरं आणि खोटं असं दोन खणांचं, ते मोडतं आणि तिसरा खण येतो. 304 नंबरचा फ्लॅट त्या "माहीत नाही" पेक्षा वेगळा आहे का? उत्तर: माहीत नाही.

आता नॉट इन म्हणजे आत काय होतं बघा. 304 घ्या, ज्याने भरलं नाहीये. मशीन विचारतं: 304 हा 101 पेक्षा वेगळा आहे? खरं. आणि 102 पेक्षा? खरं. असं करत 30 पावत्या झाल्या, सगळी उत्तरं खरं. एकतिसावी आली: माहीत नाही. खरं आणि माहीत नाही यांची "आणि" ने जोडी लावली की उत्तर येतं माहीत नाही. आणि क्वेरी फक्त ज्यांचं उत्तर ठाम "खरं" आहे त्यांनाच यादीत घेते. भरलेले 30 "खोटं" म्हणून बाहेर, उरलेले 18 "माहीत नाही" म्हणून बाहेर. हातात शून्य.

आता उपाय. नॉट इन ऐवजी नॉट एक्झिस्ट्स ("या नंबरची पावतीच नाही") वापरलंत तर 18 नावं मिळतील. मुलाला सांगा, त्याला कळेल, कारण तिथे नंबर नसलेली पावती कुणाशीच जुळत नाही म्हणून बाजूला पडते. पण काका, थांबा, नोटिसा काढायच्या आधी जरा विचार करा. त्या 18 मधल्या एकाने पैसे भरलेत! त्या यूपीआयवाल्याने. म्हणजे नॉट एक्झिस्ट्सने तुम्हाला हवं ते उत्तर दिलं खरं, पण त्यातलं एक नाव चुकीचं आहे आणि कुठलं ते मशीनला सांगता येणार नाही. उलट नॉट इन जे म्हणत होतं ते कडू पण प्रामाणिक होतं: जोवर ती एक पावती कुणाची ते कळत नाही तोवर या 18 पैकी कुणाबद्दलही "याने भरलं नाही" असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मला तर तेव्हापासून नॉट इनबद्दल थोडा आदरच वाटतो.

हे नल मुळात असावेत की नसावेत यावरून या क्षेत्रात जुना वाद आहे. कॉड स्वतः नलच्या बाजूने होता, पुढे तर तो म्हणायला लागला की एक नल पुरत नाही, "आहे पण माहीत नाही" आणि "लागूच नाही" असे दोन हवेत. आणि त्याचाच सहकारी, त्याचं सगळं काम लोकांना समजावून सांगणारा ख्रिस डेट, तो म्हणतो नल नकोच. माझं मत विचाराल तर मी डेटच्या बाजूला झुकते. तुमच्याच बाबतीत बघा, ती पावती "न ओळखलेल्या जमा" अशा वेगळ्या टेबलात टाकली असती तर पावत्यांच्या टेबलातली प्रत्येक ओळ एक पूर्ण विधान राहिली असती. "कुणीतरी भरले" हे वाक्य वेगळं, "304 ने भरले" हे वेगळं, दोन्ही एका टेबलात कोंबली की मीटिंगमध्ये अभिनंदन होतं.

प्रश्न : पुणे आणि मुंबई सोडून बाकीचे ग्राहक हवे होते. "शहर पुणे नाही किंवा शहर मुंबई नाही" असं लिहिलं तर सगळेच आले. (नाशिक)

"किंवा" च्या जागी "आणि" टाका. पुण्याचा माणूस मुंबईचा नाहीये ना, मग तुमची दुसरी अट त्याने पूर्ण केली, आला आत. हा डी मॉर्गनचा नियम, "अ किंवा ब" याचा नकार म्हणजे "अ नाही आणि ब नाही". हा ऑगस्टस डी मॉर्गन 1806 साली आपल्या मदुराईत जन्मला, वडील कंपनीच्या फौजेत होते, तान्हा असतानाच इंग्लंडला गेला. आणि "रिलेशन" या गोष्टीचं तर्कशास्त्र मांडणाऱ्या पहिल्या लोकांत त्याचं नाव येतं, म्हणजे कॉडच्या 100 वर्षं आधी.

प्रश्न : आम्ही गावचं वाचनालय चालवतो. नोंदवहीवरून एक टेबल केलं: सभासद नंबर, नाव, फोन, पुस्तक नंबर, पुस्तकाचं नाव, लेखक, नेल्याची तारीख. भाचा म्हणतो याचे तुकडे करा, नॉर्मलाइज करा. चाललंय ते का मोडायचं? आणि तुकडे केल्यावर काही हरवलं तर? (वाईजवळून)

दुसरा प्रश्न फार मार्मिक आहे, तो आधी कुणी विचारत नाही.

मोडायचं का, तर एका काकूंनी फोन बदलला आणि त्यांनी वर्षभरात 14 पुस्तकं नेलीत तर 14 ओळींत फोन बदलायचा, 13 ठिकाणी बदलला आणि एक राहिली की आता टेबलच सांगतंय त्यांचे फोन दोन आहेत. किंवा एखादं पुस्तक अजून कुणी नेलंच नाही तर त्याची नोंद कुठे करणार? सभासदाच्या रकान्यात काय लिहिणार? (नल लिहाल तर वरचे ठाण्याचे काका आठवा.) आणि जुन्या ओळी पुसायला गेलात तर पुस्तकच वाचनालयातून गायब, कागदोपत्री.

कारण एका ओळीत तुम्ही तीन वाक्यं बोलताय. या सभासदाचा फोन हा, या पुस्तकाचा लेखक हा, आणि याने हे अमक्या दिवशी नेलं. सभासद नंबर कळला की नाव आणि फोन ठरला, तिथे पुस्तकाचा काही संबंध नाही, याला फंक्शनल डिपेंडन्सी म्हणतात, आणि हे शाळेतलंच फंक्शन आहे, एक्स दिला की वाय ठरला. तेव्हा सभासदांचं टेबल वेगळं, पुस्तकांचं वेगळं, आणि देवघेवीचं तिसरं ज्यात फक्त दोन नंबर आणि तारीख.

आता हरवेल का. कुठे कापताय त्यावर आहे. समजा तुमच्याकडे दोन कुलकर्णी काकू आहेत, 17 नंबरच्या आणि 52 नंबरच्या. 17 वाल्यांनी पाककृतींचं पुस्तक नेलं, 52 वाल्यांनी प्रवासवर्णन. तुम्ही नावावर कापलंत: एका टेबलात नंबर आणि नाव, दुसऱ्यात नाव आणि पुस्तक. आता परत जोडा. कुलकर्णी काकू या नावावर दोन नंबर आणि दोन पुस्तकं, झाल्या 4 ओळी. मूळच्या होत्या 2. ओळी वाढल्या आणि माहिती कमी झाली! आता कुणाकडे कुठलं पुस्तक आहे हे देवालाच ठाऊक. नंबरावर कापलंत तर हा घोटाळा होत नाही, कारण नंबरावरून नाव एकच ठरतं, नावावरून नंबर ठरत नाही. ज्या रकान्यावर कापताय त्यावरून एका तुकड्यातलं बाकी सगळं ठरत असेल तर परत जोडल्यावर जसंच्या तसं मिळतं, हे 1971 सालीच सिद्ध झालंय. भाच्याला एवढंच विचारा, कापतोस ते कशावर.

आणि हो, अति पण करू नका. पिनकोडवरून गाव ठरतं असं धरून पत्त्याचे तुकडे करणारे महाभाग मी पाहिलेत. तुमचं वाचनालय आहे, पोस्ट खातं नाही.

प्रश्न : आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापील आहे, तो डेटाबेसमध्ये घालतोय. व्यक्ती आणि वडील असं साधं टेबल आहे. मूळ पुरुषाचे सगळे वंशज एका क्वेरीत काढायचे आहेत. मुलं निघतात, नातवंडं निघतात, पण प्रत्येक पिढीला क्वेरी लांबत जाते. हे गणित इथे कमी पडतं का? (रत्नागिरी, सध्या मुक्काम बंगळूर)

हो, पडतं, आणि कमी पडतं हेही सिद्ध झालेलं आहे. तुम्ही टेबल स्वतःशीच जोडताय, एकदा जोडलं की नातवंडं, दोनदा जोडलं की पतवंडं. पिढ्या 6 आहेत हे आधी माहीत असेल तर 5 वेळा जोडून लिहिता येईल, पण "असतील तेवढ्या पिढ्या" हे कॉडच्या मूळ बीजगणितात लिहिताच येत नाही, कितीही डोकं आपटलं तरी. 1979 मध्ये आहो आणि उलमन या दोघांनी ते दाखवून दिलं. तुमचं डोकं कमी पडत नव्हतं, एवढं तरी समाधान.

1999 च्या एसक्यूएलमध्ये त्यासाठी वेगळी सोय आली, विथ रिकर्सिव्ह. मूळ पुरुषापासून सुरू करायचं, त्याची मुलं मिळवायची, जी मिळाली त्यांची मुलं मिळवायची, आणि एखाद्या फेरीत नवीन कुणीच मिळालं नाही की थांबायचं.

दोन ठिकाणी जपा. एक म्हणजे दत्तक. चुलत्याला दत्तक गेलेल्या मुलाच्या तुम्ही दोन ओळी ठेवल्या असतील, जन्मदाते वडील आणि दत्तक वडील, तर तो आजोबांपासून दोन वाटांनी येतो आणि यादीत दोनदा दिसतो. आणि दुसरं, आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे गोविंद, विश्वनाथ, गोविंद, विश्वनाथ अशी रांग असते आणि नोंद करणारा एखाद्या रात्री झोपेत आजोबा गोविंदाची आणखी एक ओळ टाकतो आणि तिच्यात वडील म्हणून नातू गोविंदाचा नंबर लिहितो. मग नातू आजोबांचा बाप होतो, वर्तुळ पूर्ण होतं आणि क्वेरी थांबतच नाही.

दोन्हीवर औषध एकच, फेऱ्या जोडताना युनियन ऑल न लिहिता नुसतं युनियन लिहा, म्हणजे खऱ्या संचासारखं, आधी आलेली ओळ परत घ्यायची नाही. मग दत्तक मुलगा एकदाच येतो आणि वर्तुळातही दुसऱ्या फेरीला नवीन काही मिळत नाही म्हणून गाडी थांबते. (काही सिस्टममध्ये इथे नुसतं युनियन चालत नाही, तुमची कुठली ते बघून घ्या.) फक्त सोबत "कितवी पिढी" हा आकडा मोजत असाल तर हे चालणार नाही, कारण तोच गोविंद चौथ्या पिढीचा वेगळा, सातव्या पिढीचा वेगळा, मशीनला ओळ नवीनच वाटणार. तेव्हा पिढी 30 च्या पुढे गेली की थांब अशी अट घाला, आणि तिथे जी नावं सापडतील ती छापील पुस्तकाशी ताडून बघा, चूक त्याच घरात असेल.